दोन पदव्या आणि एक मामा

६ जानेवारी

मामा,

साष्टांग नमस्कार, पण उभ्यानेच. प्रयोगशाळेत बसून लिहितेय, आणि इथे कुणी आडवं झालं की शिपाई आधी अपघाताची वर्दी देतो.

फोन का नाही, ते तुला सांगायला नको. आपल्या घरी फोन एकाला येतो आणि ऐकतात चौघं. शिवाय मधेच आई हिसकावून घेते आणि तुझ्या पोटाची चौकशी सुरू करते.

तू आईला विचारलंस म्हणे, "पोरगी शिकते तरी काय?" आणि आईने सांगितलं, "दोन-दोन शिकते." आता माझ्याकडून ऐक. इथे तीन वर्षं विज्ञान, मग तुझ्या गावच्या फार्मसी कॉलेजात चार वर्षं फार्म-डी, म्हणजे औषधांतली डॉक्टरकी. तिथलं पहिलं वर्ष तेच इथलं चौथं, म्हणजे शेवटचं, धरतात. वेगवेगळ्या घेतल्या तर दोन पदव्यांना आठ वर्षं लागतात, जोडीने घेतल्या तर सात. आईला यातलं एवढंच कळलंय की एक वर्ष फुकट आहे. शेजारच्या मास्तरीणबाईंना ती असं सांगते, जणू मोठ्या साबणावर छोटा साबण मिळालाय. आजोबा म्हणतात, "वाचलेलं वर्ष ठेवणार कुठे?" बाबांनी फक्त विचारलं, दारावरच्या पाटीवर दोन्ही मावतील ना.

यातली मेख कुणी विचारत नाही. मार्चमध्ये तुमच्याकडे मुलाखत आहे. तिथे नाही घेतलं, तर तिकडचं पहिलं वर्ष नाही, म्हणून इकडचं शेवटचंही नाही. आमच्या कॉलेजात जोडपदवीवाल्यांसाठी चौथं वर्ष ठेवलेलंच नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं!

आणि मला हे मनापासून हवंय रे. नुसती औषधं बनवायची नाहीत, ती घेणाऱ्या माणसाशी बोलायचंय. आई म्हणते, मामाची तिथे ओळख आहे. आहे का खरंच?

तुझी,
टिकली

१४ जानेवारी

चि. टिकलीस,

मामाचे अनेक आशीर्वाद. त्यातला एक मुलाखतीसाठी राखून ठेव, बाकीचे किरकोळ खर्चाला वापर.

ओळख? अगं वेडे, ते कॉलेज म्हणजे माझं दुसरं घर. बसस्टँडवर गाड्या पुकारायचा माझा माइक दुसऱ्याच्या हाती गेला तेव्हा लोकांना वाटलं, आता हा घरी बसून माश्या मारणार. मी आठवड्यातून दोनदा कॉलेजात असतो. प्राध्यापिकाबाई स्वतः मला खुर्ची देतात. विद्यार्थी एकेक करून माझ्यासमोर येतात. काहींच्या हाताला घाम फुटतो, एकाची तर वाचाच गेली. माझ्या तोंडून निघालेला शब्दन् शब्द ते उतरवून घेतात. मागे मला सर्दी झाली होती तर परीक्षा पुढे ढकलावी लागली.

याहून जास्त मी माझ्या तोंडाने सांगणार नाही. आपलीच पाठ आपण थोपटून घेणं मला आवडत नाही.

अक्काला सांग, पोरीची काळजी नसावी. बाकी कुणाकडे बोलू नका.

तुझा,
मामा

२ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार आणि अभिनंदन. "कुणाकडे बोलू नका" हे आईने सगळ्यांना सांगितलं.

आता तू आमच्या गल्लीत 'प्राध्यापक' आहेस. मास्तरीणबाईंनी विचारलं, "विषय कोणता?" आई म्हणाली, "सगळेच." त्यांचा एक भाचा आहे, त्याच्यासाठीही तू शब्द टाकायचा आहेस. बाबा, ज्यांनी जन्मात तुझं कौतुक केलं नाही, काल म्हणाले, "मला वाटायचं तेवढा तो वाया गेलेला नाही." म्हणजे बघ! पण मामा, खरंच, विषय कोणता?

सोबतचं पुडकं आईच्या डब्यातलं. आपला तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा अजून तसाच आहे. कुणाचं दुखणं बरं झालं की उरलेल्या गोळ्या त्यात, आणि दुसऱ्या कुणाला तसंच काही झालं की त्यातून बाहेर. आजोबांच्या गुडघ्याच्या गोळ्या मावशीच्या खांद्याला गेल्या, मावशीच्या खांद्याच्या बाबांच्या मानेला. आईला डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या बदलून दिल्या, म्हणून आधीच्या उरल्या. आई महिन्याचं सामान भरल्यासारखी औषधं भरते, तेव्हा उरल्या म्हणजे भरपूर उरल्या. "चांगल्या आहेत, वाया कशाला घालवायच्या? तुझ्या मामालाही तोच त्रास आहे." पुडकं मीच बांधलं, तेही घाईत, कारण दुसऱ्या दिवशी पेपर होता. त्यात रक्तदाबाच्या एका औषधाच्या रेणूची आकृती काढायला आली. मला पैकीच्या पैकी मिळाले.

टिकली

१३ फेब्रुवारी

टिकले,

विषय विचारलास, तर सांगून टाकतो. विषय आजारपण.

मी तिथे पेशंट आहे, खोटा पेशंट. औषध कसं समजावून सांगायचं याचा सराव पोरांनी खऱ्या आजाऱ्यावर केला तर तो आजारी बिचारा हकनाक जायचा, म्हणून कॉलेज आमच्यासारखे धडधाकट लोक ठेवतं. आम्हाला एक पान देतात. मंगळवारी मी खोकणारा सुतार, गुरुवारी मी साखरेचा मुख्याध्यापक, जो चोरून गोड खातो आणि कबूल होत नाही. पोरं प्रश्न विचारतात, मी उत्तरं देतो. मागच्या पत्रातला शब्दन् शब्द खरा आहे, पडताळून बघ.

हसू नकोस. आगाराच्या नाट्यमंडळात इतकी वर्षं काढली आणि मला कायम प्रेत दिलं. आवाज माझा सगळ्या स्टँडला पुरणारा, आणि काम मुकाट्याने पडायचं! प्रेतापासून पेशंटपर्यंत आलो, ही प्रगतीच म्हणायची.

आणि पोरं तरी काय एकेक! एकाने विचारलं, "कशाची ॲलर्जी?" मी म्हटलं, "धुळीची आणि मेव्हण्याची." त्याने दोन्ही लिहून घेतलं. एकीने पाठ केलेलं इतकं भराभरा म्हटलं की मी सवयीने फलाट कितवा ते विचारलं. सगळी हुशार, पण पानावरचं मान वर करून बोलायची वेळ आली की बोंब.

अक्काच्या गोळ्या पोचल्या. फार गुणाच्या दिसतात, लगेच सुरू केल्या. आणि अलीकडे माझ्या अभिनयाला काय धार चढलीय! खुर्चीतून उठताना चक्कर अशी येते की बाई धावत येतात. परवा तर पडलोच. अर्थात चष्मा आधी खिशात ठेवून. प्रेत असल्यापासूनचा माझा नियम आहे तो, आधी चष्मा, मग जमीन.

आता कामाचं. मुलाखतीलाही एक पेशंट असतो, आणि त्या दिवशी सुतार मीच आहे. पानावर काय आहे ते सांगणं नियमाविरुद्ध, म्हणून सांगत नाही. पण समज, एखाद्या सुताराने खोकताना डाव्या कानाला हात लावला, तर तेव्हा विचारावं, "आणखी काही घेता का?" जागा तुझी.

तुझा प्राध्यापक मामा

२० फेब्रुवारी

मामा,

नमस्कार वगैरे नंतर. तू प्राध्यापक नाहीस याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही, उलट सुतारावर मी इतकी हसले की शेजारच्या पोरीची परीक्षानळी फुटली. बाबांना मेव्हण्याची ॲलर्जी सांगितलेली नाही.

पण कानाला हात? नियमावलीत स्पष्ट लिहिलंय, मुलाखतीत नातेवाईक असेल तर मुलाखत रद्द. माझी तीन वर्षं पाण्यात जातील! जागा मिळाली तर ती माझी म्हणून मिळू दे, मामाच्या कानामुळे नको. त्या दिवशी तू तिथे दिसायचा नाहीस. माझी शपथ आहे. बाकीचं तू लिहिलंस ते मी नीट वाचलंही नाही, इतकी संतापलेय.

टिकली

२७ फेब्रुवारी

टिकलीस,

आशीर्वाद, जरा लहान आवाजात.

सुट्टी घेतली. त्या दिवशी दुसरा सुतार बसेल, निवृत्त टपालवाला आहे. त्याला खोकता येत नाही, नुसतं घसा खाकरतो, पण तुझ्यासाठी चालवून घेऊ.

तू रागावलीस ते फार लागलं. हल्ली सकाळी उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते. बहुतेक त्यानेच.

मामा

१९ मार्च

मामा,

तू दवाखान्यातून घरी गेलास हे कळलं, तेव्हा कुठे पेन हातात धरलं. तुला शुद्ध नव्हती तेवढा भाग मी लिहून पाठवतेय, कारण तू सगळ्यांना भलतंच सांगत असशील.

आधी एक कबूल करते. मी दार उघडलं, खुर्चीत तू बसलेला, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. टपालवाल्याला सकाळी खराखुरा ताप आला आणि बाईंनी तुला घरून उचलून आणलं, हे मला नंतर कळलं. खोट्या पेशंटला खरा ताप यायला तोच दिवस सापडला!

तेव्हाच म्हणायला हवं होतं, "हा माझा मामा आहे." मी म्हटलं नाही. समोर तीन परीक्षक होते, आणि मला जागा हवी होती. मी बसले आणि म्हटलं, "नमस्कार. आज आपण तुमच्या औषधांबद्दल बोलू या." जन्मात पहिल्यांदा तुला अहो-जाहो केलं. तू कानाला हात लावला नाहीस. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होतास. मला गलबलून आलं, पण पाठ केलेलं म्हणत राहिले. "आणखी काही घेता का?" हे माझं मीच विचारलं. तू पानावरचं बोललास, "शेजाऱ्याने दिलेली खोकल्याची बाटली." परीक्षकांनी माना डोलावल्या.

मग तू उठलास, टेबल धरलंस, आणि पाण्याच्या भांड्यासकट खाली गेलास.

परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या, मामा! एक तर "वा!" म्हणाले. आणि क्षणभर मलाही वाटलं, हा भाचीसाठी जास्तीचं करतोय. तेवढ्यात तुझा चष्मा माझ्या पायाशी आला. फुटलेला. तू चष्मा घालून पडला होतास.

मग मी जोरात ओरडले, "मामा, आज गोळ्या कुठल्या घेतल्यास?" तू डोळे किलकिले केलेस आणि काय म्हणालास माहितेय? "बाई, मी सुतार आहे."

तुझे पाय खुर्चीवर ठेवले आणि खिशात हात घातला. एक पिवळी पट्टी, तुझ्या डॉक्टरांनी दिलेली. एक गुलाबी, आईची. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, आणि खाली बारीक अक्षरात औषध एकच. तू महिनाभराहून जास्त दुप्पट घेत होतास. तुझा अभिनय नव्हता तो, रक्तदाब पार खाली गेला होता. आणि मामा, ते औषध म्हणजे तोच रेणू, ज्याची आकृती काढून मी पैकीच्या पैकी मिळवले. पुडकं बांधताना पट्टी उलटून वाचली नाही. तू पत्रात "सुरू केल्या" लिहिलंस, तेही माझ्या रागाच्या नादात वाचलं नाही. दोन पदव्या घ्यायला निघालेली मी, आणि एक पट्टी वाचायला वेळ नव्हता. तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं रे?

मुलाखत रद्द झाली. धुपाटणं हातात आलंय. बाहेर पडताना ते "वा!"वाले परीक्षक मला म्हणाले, "पण शेवटचा प्रसंग फार छान बसवला होता हं."

आई अजून म्हणतेय, "दुप्पट घेतल्या तर गुण दुप्पट यायला हवा होता."

काळजी घे. नुसती पिवळी घे.

तुझी,
टिकली

४ एप्रिल

चि. टिकलीस,

नव्या चष्म्यातून आशीर्वाद. सगळं इतकं स्वच्छ दिसतंय की घरातला केर पाहून लाज वाटली.

मी ते काम सोडलं. तुझ्यामुळे वगैरे समजू नकोस, कंटाळा आला. त्याच त्या सुताराचा खोकला किती दिवस खोकायचा माणसाने? घशाची चाळण झाली. शिवाय अक्का म्हणतेय, इकडे राहायला ये, डोळ्यांसमोर राहशील. जातो.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. तुला मुलाखतीला पुन्हा बोलावतील. समितीने बऱ्याच बैठका घेऊन असा शोध लावला, की मी तुझा मामा अजून आहे, पण त्यांचा पेशंट राहिलो नाही. त्यामुळे त्यांच्याकडे कुणी नातेवाईकच उरला नाही, आणि नियम कसा मोडला होता ते आता कुणाला सापडत नाही. शिकलेली माणसं मनात आणलं तर काय नाही करू शकत!

किल्ली खालच्या शिंप्याकडे ठेवली आहे. जागा मिळाली तर माझ्याच घरी राहा.

मामा

५ जुलै

मामा,

तुझ्या घरातून तुला पत्र लिहायचं म्हणजे गंमतच. खुर्ची तुझी, टेबल तुझं, आणि तू मात्र आईच्या ताब्यात. फोन केला होता, पण तुझ्याआधी आई, आजोबा आणि मास्तरीणबाई बोलल्या, मग तुझी पाळी यायच्या आत मीच ठेवला.

दुसऱ्या मुलाखतीत विचारलं, मागच्या वेळी काय चुकलं? मी दोन्ही सांगितलं, मामा आहे हे दारातच म्हणायला हवं होतं, आणि पट्टी वाचायला हवी होती. त्यांनी घेतलं. पहिला आठवडा झाला. आजोबांना सांग, वाचलेलं वर्ष सध्या माझ्याकडे आहे, ठेवायला जागा सापडली की कळवीन.

तुझ्या जागी आता तो टपालवाला बसतो. खोकला विचारला तरी हसतो. आणि कॉलेजने नवीन पान काढलंय, 'दोन नावांची एकच गोळी घेणारा गृहस्थ'. वर्गातला एकही जण त्यात पास झाला नाही. मला त्यात बसू देत नाहीत. म्हणतात, तुला उत्तर माहीत आहे.

काल बाई म्हणाल्या, "इथे एक सुतार यायचे. तसा माणूस पुन्हा मिळायचा नाही." मी म्हटलं, कंटाळले ते. बाई म्हणाल्या, "कंटाळले? ते माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, पोरीला परत बोलवणार असाल तर मी आजच जातो. आणि जाताना दोनदा मागे वळून खोली बघितली."

तुझ्या कपाटात सुताराची पेन्सिल आहे, कानावर ठेवून ठेवून गुळगुळीत झालेली. कॉलेजने दिलेली नाही ती, तू स्वतः आणलीस. खोटारड्या! आयुष्यात एकदा तुला बोलतं काम मिळालं आणि तेही तू माझ्यासाठी टाकून आलास. मी काल तुझ्या खुर्चीत बसून रडले, हे आईला सांगू नकोस.

आता माझं ऐक. पुढे आम्हाला खऱ्या माणसांची औषधं समजून घ्यायची आहेत. माझा पहिला पेशंट तू. खोटा नाही, खराखुरा. परत ये.

तुझी,
टिकली

१३ जुलै

चि. टिकलीस,

आशीर्वाद. आवाज पूर्वीसारखा झालाय, अक्का दोन खोल्या पलीकडून दटावते.

डब्याची बातमी आधी. अक्काने सगळ्या गोळ्या औषधवाल्याकडे नेऊन दिल्या आणि डब्यात बटणं भरली. पण सवय कुठे जाते! काल तुझ्या बाबांच्या सदऱ्याचं बटण तुटलं, तर तिने डब्यातलं निळं काढलं. म्हणाली, "चालतं, कामाला सारखंच." तुझे बाबा ते लावून कामावर गेले. मला आता त्यांची ॲलर्जी जरा कमी झाल्यासारखी वाटते.

नवी भूमिका वाचली. अवघड आहे. पान नाही, पाठांतर नाही, आणि तू विचारशील ते खरं सांगावं लागणार. इतकी वर्षं स्टँडवर मी वेळेवर न येणाऱ्या गाड्या वेळेवर येतील म्हणून सांगितलं, मला एकदम कसं जमेल? सराव म्हणून पहिलं उत्तर इथेच देतो. मला कंटाळा आला नव्हता. फार वाईट वाटलं. घरी येऊन चष्मा खिशात ठेवला आणि आडवा झालो, पण या वेळी काही येईना, ना प्रेत, ना सुतार. नुसता मीच पडून होतो.

पण जागा तुझी झाली ना? मग झालं. त्या मानाने भूमिका काय, किरकोळ.

मंगळवारच्या गाडीने येतोय. दारातच तू विचारशील, "आणखी काही घेता का?"

नाही गं. फक्त पिवळी. सकाळी एक.

तुझा,
मामा